अकरा लाद्या

पलंगापासून दारापर्यंत अकरा लाद्या.
सातवी तडकलेली, तिच्यावर खुर्चीचा पाय डुगडुगतो.
कारेलीबागेतल्या या घरात पाच वर्षं राहतोय,
लाद्या मोजायची वेळ आली नव्हती.

शाल्मली माझा अंगठा धरून झोपायची.
धरून म्हणजे, उभ्यानं प्रवास करताना बसचा दांडा धरावा, तशी.
मूठ जरा सैल झाली म्हणून हळूच सोडवावा,
तर डोळे टक्क.
"पप्पा, मगर गयो?"

मगर खरी होती, हीच पंचाईत.
पुराच्या साली विश्वामित्री पार्किंगपर्यंत आली
आणि तिसऱ्या मजल्यावरून आम्ही सगळ्यांनी पाहिली,
जोशीपुरांच्या स्कूटरशेजारी,
भिजल्या ओंडक्यासारखी, निवांत.
वनखात्याची माणसं तिचं तोंड बांधून घेऊन गेली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
शाल्मलीनं विचारलं, हिची आई कुठंय?

अशा मुलीला कुठल्या तोंडानं सांगू
की मगरबिगर काही नसतं?
शिवाय बालवाडीतला मगर 'तो', घरातली मगर 'ती',
म्हणजे पलंगाखाली दोन.

केतकीची रात्रपाळी, सयाजी हॉस्पिटलात.
डबा भरता भरता म्हणाली,
अंगठा काढ, माणूस राहू दे.
खुर्ची घे. रोज एक लादी मागे.

पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली.
मी हात मांड्यांखाली दाबून बसलो.
एकच वाक्य, रेशनच्या दुकानातल्या माणसाच्या आवाजात:
मी इथं आहे. डोळे मीट.
मी इथं आहे. डोळे मीट.
खालून ज्योत्स्नाबेनचा फोन, "बेबी केम रडे छे?"
झोपायला शिकतेय, म्हटलं.
"एमां शुं शीखवानुं?"
त्यांचंही खरं. त्यांची चार पोरं एका गादीवर
आडवीतिडवी, एकमेकांचे पाय उशाला घेऊन वाढली.
आमच्याकडे पोर एक. आणि पाय माझेच.

दुसरी लादी, तिसरी, चौथी.
पाचवीवर ताप आला. खुर्ची पुन्हा पलंगाशी.
मग नवरात्र. समोरच्या मैदानात बारापर्यंत ढोल,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या.
मीच म्हटलं, चल, ऊठ, बघू.
ती नाइटीत गोल गोल फिरली, मी टाळ्या दिल्या.
नऊ रात्री खुर्चीवर फक्त इस्त्रीचे कपडे बसले.

पुन्हा पहिली लादी.
या खेपेला रडली नाही. उसासा टाकला,
बिल भरायच्या रांगेत टाकतात तसा.

सातवीवर खुर्ची हलली.
"पप्पा, तुझ्या खुर्चीला झोप येत नाहीये."
येईल, म्हटलं.
नववीवरून तिचा चेहरा दिसेना.
नुसता श्वास. तो असा ऐकलाच नव्हता कधी:
आधी कुणाशी भांडल्यासारखा, तुटक,
मग वाद सोडून दिल्यासारखा,
मग लांब.

अकरावीनंतर उंबरठा.
खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये, दार वीतभर उघडं.
त्या रात्री आतून कुजबुज आली.
मी अर्धा उठलो होतो, तर ऐकू आलं,
सपाट, हुबेहूब रेशनच्या दुकानातलं:
मी इथं आहे. डोळे मीट.
मग जरा थांबून,
पलंगाच्या कडेवरून खाली वाकल्यासारखं:
तू पण.
दोघं पण.

सकाळी साडेसहाला केतकी आली.
सँडल काढायला त्याच खुर्चीत टेकली,
एक पट्टा सोडवला.
दुसरा तसाच.
मी चहा गाळून आणला तोवर मान कलली होती,
मांडीवर डबा, डब्याच्या कडीत बोटं.
मी खाली लादीवर बसलो.
चहावर साय धरली.
डबा काढून घ्यावा म्हणून
मूठ सैल व्हायची वाट बघत.