नोंदीतून वगळावे

लघुलिपीत शांततेला खूण नाही.
सव्वीस वर्षं पर्वरीच्या टेकडीवर
मी माणसांची बोलणी आडव्या-तिरक्या रेघांत पकडते.
कुणी हसलं की कंसात हंशा,
चौघं एकदम बोलले की व्यत्यय.
पण प्रश्न विचारून झाल्यावर
समोरचा अधिकारी फाइलची नाडी सोडतो,
पुन्हा बांधतो, पुन्हा सोडतो,
तेवढा वेळ माझी पेन्सिल हवेत.

त्या दिवशी लोकलेखा समितीपुढे परिच्छेद ३.२.७.
खाजनाचा बांध, तीनशे चाळीस मीटर.
मानशीची दारं चार, मट्टीच्या लाकडाची.
खर्च एक कोटी बारा लाख.
काम पूर्ण झाल्याचा दाखला सोबत जोडला आहे.
कार्यकारी अभियंता कुंकळयेंकर म्हणाले,
"सर्व कामं विहित नमुन्यात झाली आहेत."
अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं:
"नमुन्यात झाली, की नदीत?"
(हंशा.)
मग नाडी. मग पेन्सिल हवेत.

पुढच्या मंगळवारी स्थळपाहणी.
गावाचं नाव अहवालात आहे, इथे नको.
भरती-ओहोटीचं कुणी पाहिलं नव्हतं,
किंवा खात्यानं नेमकं तेवढंच पाहिलं होतं.
आम्ही उतरलो तेव्हा भरती तुडुंब,
आणि बांध पाण्याखाली सुखरूप.
तपासण्यासारखं काही नव्हतंच,
नुसतं डोळ्यांवर येणारं लखलखतं पाणी.
सदस्यांच्या बुटांसाठी फळ्या टाकल्या होत्या,
शहाळी सोलून ठेवली होती, नळ्यांसकट.
दोघांनी घड्याळ पाहिलं,
साखळीला दुपारचा कार्यक्रम होता म्हणे.

तेव्हा मानशीकडच्या खोपीतून
खाचा पाडलेली काठी घेऊन कायतान आला.
मानशीचा राखणदार, बाप आजा तेच करत आलेले.
पाण्यात काठी रोवून म्हणाला,
"मातशें बसात. तिनांक सुकती लागतली."

अध्यक्षबाई बसल्या.
फळीवरच, पदर आवरून.
मग बाकीच्यांनाही बसावं लागलं.
दीड तास. कुणी फोनवर, कुणी शहाळ्याच्या मलईत,
कुंकळयेंकर एका कंदेलाच्या झाडाला टेकून
जणू त्याचीच तांत्रिक मंजुरी तपासत होते.

पाणी हळूहळू खाली गेलं.
आधी बांधाची पाठ दिसली, चाळीस पावलं सिमेंट,
त्यापुढे माती, मातीत बिळं,
बिळांतून कुर्ल्या ये-जा करत होत्या
शासकीय खर्चाच्या आरपार.
मानशीची दारं दोन. जुनी.
माडाच्या ओंडक्यानं आणि गोणपाटानं धरून ठेवलेली.
उरलेल्या दोन जागी नदी.
पलीकडे कोरगुटाची शेतं, मिठानं पांढरी.

"वाहून गेली असतील, मॅडम."
कायताननं काठी पुसली.
"पयलीं येवंक जाय न्ही, मागीर व्हांवतलीं."
आधी यायला तर हवीत.
कुणी हसलं नाही. कंसात काय लिहू?

सचिव माझ्या कानाशी वाकले:
साक्षीला बोलावलेला नाही, शपथ दिलेली नाही,
नोंदीतून वगळावे.
मी वगळलं. नोकरी आहे.

अहवाल शेवटच्या दिवशी पटलावर आला,
सतरा कागदांच्या मध्ये, सहाला दहा कमी असताना.
खात्याचं उत्तर आठ महिन्यांनी:
'समितीचे निरीक्षण नोंदवून घेण्यात आले आहे.'

मात्र मसुद्यात एक ओळ मी घातली होती:
'समितीने स्थळपाहणी सुकतीच्या वेळी केली.'
टंकलेखक पोर म्हणाली, "ओहोटी" करू का?
नको, म्हटलं. आहे तसंच राहू दे.
ते वाक्य सचिवांनी वाचलं, अवर सचिवांनी वाचलं,
खात्यात तर तिघांनी वाचलं असेल.
हवामानाची माहिती समजून
कुणी काढलं नाही.