हातचा एक

मठपती गुरुजी सकाळीच म्हणले,
चौत्राबाई, आज खिचडीत वाटाणा सढळ टाका,
धाकटे सरकार यायलेत.

टेंटवाल्याकडून लाल मखमलीची खुर्ची आली,
बूड फाटलेलं,
त्यावर मी घरची शाल अंथरली.
आमच्या शाळेच्या भिंतीत त्यांच्या पणज्याचा संगमरवर हाय:
श्रीमंतांच्या कृपेने ही जागा.
माझा आजा म्हणायचा, जागा आपल्याच कुळाची होती,
कृपा तेवढी त्यांची.

इंद्रसेनराजे आले. पोरगंच, तिशीतलं.
बुटाला मन्याडकाठची काळी माती लागली
तर खाली वाकून स्वतःच पुसली. मला बरं वाटलं.
मराठी बोलताना मधीच थांबायचे,
पुढचा शब्द दुसऱ्या खोलीत ठेवल्यागत.
डोंगरातल्या शाळेत शिकले म्हणे,
घोडा, पोहणं, काट्याचमच्यानं पपई.
"शिक्षण हीच खरी दौलत," म्हणले.
लेकरांनी टाळ्या वाजवल्या,
शेंबूड पुसला, परत वाजवल्या.

मग सातवीतली अंजुम उभी राहिली, पिंजाऱ्याची.
गुरुजींनी डोळे वटारले, पण ती फळ्याकडं बघत होती.
"तुमच्या शाळेची फी किती होती?"

ते खोटं बोलले नाहीत, हे लिहून ठेवा.
"वर्षाला नऊ लाख. बारा वर्षं."

अंजुमनं खडू घेतला.
नऊ दुणे अठरा, अठराचे आठ, हातचा एक.
एक कोटी आठ लाख.
मग काय सुचलं तिला, माझ्याकडं वळली,
"मावशी, तुमचा पगार?"
पगार नाही गं, मानधन. अडीच हजार, दहा महिने.
उन्हाळ्यात भूक नसते ना लेकरायला.
खडू किरकिरत राहिला.

चारशे बत्तीस वर्षं, म्हणली.
चारशे बत्तीस वर्षं मी खिचडी हलवायची
तवा कुठं एक सरकार शिकून निघायचा.
कुणी हसलं नाही. गुरुजी खोकले.
बाहेर ड्रायव्हरनं गाडीचा एसी चालूच ठेवला होता,
तेवढा आवाज.

थोड्या वेळानं ते चुलीमागं आले,
हळूच म्हणले, "टॉयलेट?"
कुलूप हाय सरकार, टाकी फुटून दोन वर्षं झाली.
मी डालड्याचा डबा भरून दिला
अन् संगमरवराच्या भिंतीमागं बोट दाखवलं.

आल्यावर हात धुताना विचारलं,
"मुली कुठं जातात?"
जात नाहीत, म्हणलं.
शाळा सुटेस्तोवर पाणीच पीत नाहीत.

त्यांच्या हातावर साबणाचा फेस तसाच.
मी तांब्या तिरका धरून उभी.
डोंगरात काय काय शिकवलं असंल,
ह्यावर काय बोलावं ते धड्यात नव्हतं बहुतेक.

पुढच्या मंगळवारी टाकी आली. काळी, हजार लिटरची,
वर पांढऱ्या रंगात नाव, हातभर, मुकुटासकट.
असू द्या. नावानं पाणी खारट होत नाही.

दुपारी अंजुम ताटली घासायला आली,
ओंजळभर प्याली, परत प्याली,
ओल्या बोटानं ओट्यावर आकडे मांडले:
टाकीचे आठ हजार वजा,
उरले एक कोटी सात लाख ब्याण्णव हजार.
"मावशी, हे कुणाकडं मागायचे?"

उन्हानं डावीकडले आकडे वाळायला लागले होते.
मी म्हणलं, आधी ताटली पालथी घाल.