सत्तेचाळीस

मार्चात ऑर्डर आली: बाराशे नॅपकिन,
काळ्यावर पिवळा आकडा, सत्तेचाळीस.
शेठ म्हणाले, युरोपात पोरं गाड्या पळवतात,
घाम पुसायला लागतात.
पळते गाडी, मग घाम पोराला कसा?

अंबादासनं ग्राफवर चौकोन भरले.
साताचं शेपूट दोनदा तुटलं,
तिसऱ्यांदा जकार्डनं ऐकलं.
माझं काम कडेचं: शिवण, लोंबते धागे, मोजणी.
डझनाला एक गाठ.

विडी घरकुलातला भाचा श्रीहरी,
त्यानं फोनवर दाखवलं.
पोरगा सतराचा, नाव ओस्कार, मिसरूडसुद्धा नाही.
गाडी एकट्यापुरती. डोक्यावर छप्पर नाही,
चाकं उघडी, बूड जमिनीपासून चार बोटं वर.
आईनं कसं बसू दिलं, मी विचारलं.
मामी, म्हणाला, आईच छत्री धरून उभी असते.

त्या आठवड्यात सोलापूर त्रेचाळीसवर.
तिकडं पाऊस, प्रत्येक चाकामागं पाण्याचा पिसारा.
आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी.
एवढं पाणी नुसतं उडवतात बघून
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गप्प.
कडक भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज.

पहिल्या शर्यतीत नववा.
दुसरीत वळणावर खडीत रुतला.
जूनमध्ये तिसरा आला, पायरीवर चढला,
गळ्यात आपला नॅपकिन!
बाया त्याचं तोंड बघत होत्या.
मी कड बघितली.
सरळ होती.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला.
माग बंद. गल्लीत इतकी शांतता
की कानांत उगीच खटखट चालू राहते.
श्रीहरी रथासोबत चालता चालता यादी सरकवत होता.
वर बघितलं, खाली बघितलं.
सत्तेचाळीस नाही.
पडला का रे? लागलं का?
नाही मामी. बापाचे पैसे संपले.
सीट विकत घ्यावी लागते तिथं.

यात मला समजावण्यासारखं काही नव्हतं.
माझ्या बापाचे दोन माग
भंगारवाल्यानं किलोवर नेले,
तेव्हा मी दारातच उभी होते.

उरलेले चारशे नॅपकिन शेठनं गावातच फुंकले.
आता साखर पेठेत न्हावी सत्तेचाळीस झटकतो,
कन्ना चौकात भजीवाल्याच्या खांद्यावर सत्तेचाळीस,
रिक्षाच्या काचेवरून, गाड्याच्या तेलकट पत्र्यावरून,
एका बाळाच्या दुधाळ हनुवटीवरून
सत्तेचाळीस, सत्तेचाळीस.
इतका पुढं तो तिकडं कधीच नव्हता.

ऑक्टोबरात श्रीहरी धावत आला. सापडला, मामी!
आता गाडीला छप्पर, दारं, डिकीसुद्धा,
आमच्या डॉक्टरीणबाईंची असते तशी.
पण पळवतात एकमेकींना घासत, ढोसत,
आरसे तोडत, अशोक चौकात संध्याकाळी
जसं चालतं तसं.
रंग निराळा. आकडा कुणा दुसऱ्याचा.
चौदावा आला.

दार उघडून बाहेर पडला. आता मिसरूड आहे.
हातात काहीतरी काळं, त्यानं मान पुसतोय.
मोठं कर, मी म्हटलं.
मोठं केलं.
चित्र फुटून नुसते चौकोन उरले,
अंबादासच्या ग्राफवर असतात तसे.
मी मोजले.
काळे पुष्कळ. कोपऱ्यात पिवळे चार.

साताच्या शेपटाला चारच लागतात.