लक्षणीय उंची

इंदूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय
समुद्र इथून किती खाली आहे ते.
साडेपाचशे मीटर आणि वर थोडं.
लहानपणी वाटायचं, रुळांशेजारी खणत गेलं
की लागेल.

आता तोच मला पगार देतो.
लोकमान्य नगरात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री दहा ते सकाळी सहा
मी अरबी समुद्रावर नजर ठेवते.
न पाहिलेल्या.
वैशाख संपत आलेला, कूलरची टाकी भरून घ्यायची,
गच्चीवरून भाजलेल्या सिमेंटचा वास
मध्यरात्रीपर्यंत जिन्यात उतरत राहतो,
आणि मी टाइप करते: वारा नैऋत्येचा, पंचवीस नॉट,
समुद्र खवळलेला,
लाटांची लक्षणीय उंची साडेतीन मीटर.

लक्षणीय म्हणजे काय गं, बाबांनी एकदा विचारलं.
म्हटलं, सगळ्या लाटा नाही धरत.
उंचातल्या एक-तृतीयांश घ्यायच्या, त्यांची सरासरी.
हजारात एखादी दुप्पट येते, ती तळटीपेत.
आणि बाकीच्या?
बाकीच्या असतात. त्यांचं पत्रक निघत नाही.
बाबा कापडगिरणीत टाइमकीपर होते.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या आठवड्यात चौदा उत्तर, बासष्ट पूर्वेला
पाणी एकतीस अंशांवर गेलं.
स्वयंपाकघरातल्या माठाचंच गणित:
उडून जाणारं पाणी ऊब सोबत नेतं,
वर कुठेतरी, ढग होताना, ती परत करतं.
माठ मोठा असला की
परतफेड भयंकर होते, एवढंच.
उपग्रहाच्या चित्रात ढग वळायला लागलेले,
कुणी जेवता जेवता ताटात बोट फिरवून
उठून गेल्यासारखे.

कॅप्टन मुकादम, मूळ दाभोळचे,
क्लिंकर घेऊन मोंबासाच्या वाटेवर.
मी लिहिलं, दोन अंश दक्षिणेला उतरा.
अकरा तास जास्त, आणि तेवढं इंधन.
त्यांचं उत्तर सगळं इंग्रजीत,
शेवटची ओळ मात्र:
बाई, खात्री आहे?
मी सत्तर टक्के लिहिलं.
पुसलं. साठ लिहिलं.
पुन्हा सत्तर केलं आणि पाठवून दिलं.

सकाळी सहाला जिन्यात दिघेवहिनी,
हातात गव्हाच्या चिकाचं पातेलं, कडेवर सोऱ्या.
समुद्राच्या बाई, आज कुरडया घालू ना?
डोळ्यांत झोप होती. खिडकीबाहेरही न बघता
घाला, म्हटलं.

चार वाजता महूच्या बाजूने
काळं काहीतरी आलं, वीस मिनिटं राहिलं, गेलं.
आम्ही दोघी गच्चीवर, जुन्या साडीची चार टोकं धरून,
साडीत अर्ध्या कुरडया,
अर्ध्यांचा परत चीक झालेला.
वहिनी मला काही बोलल्या नाहीत.
त्यांच्या सासूबाई खालून बोलत होत्या, ते मात्र
सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं.

आणि रात्री पडदा उघडते तर
अरबस्तानातून कोरडी हवा आत शिरलेली.
वादळ नावाला पोचायच्या आधीच विरलं.
यादीतलं पुढचं नाव तसंच राहिलं, कोरं,
कुणाच्या तरी बारशाची वाट बघत.
कंपनीकडून विचारणा आली: अकरा तास कशासाठी?
त्याखाली मुकादमांची,
या वेळी सबंध मराठीत:
समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडलाय.
फुकट फेरा झाला.
पण कालची रात्र पोरं झोपली सगळी.
ही दुसरी ओळ कुठल्या रकान्यात भरायची
मला अजून कळलेलं नाही.

सहाला पुन्हा जिना, पुन्हा पातेलं.
राहिलेला चीक आहे, उद्यापर्यंत टिकायचा नाही.
मी आधी गच्चीवर गेले.
वर बघितलं, इंदूरच्या आभाळाकडे,
नोकरी लागल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.
एक घार, आणि उत्तरेला
निर्णय न झालेलं थोडं पांढरं.
खाली येऊन म्हटलं,
वहिनी, हजारात एखादी दुप्पट येते.

त्यांनी सोऱ्या या हातातून त्या हातात घेतला.
म्हणजे? घालू की नको?