उजेडाची सोय

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात घालायला कार्ड मिळालं,
त्यावर छापलेलं: 'सोबती'.
मी दुभाषी. बोललेलं हातांवर घेते
आणि यामिनी तांडेलला देते.
ती चिंबोऱ्यांवर काम करते,
नऊ वर्षं, गोराईच्या तिवरांत, गुडघाभर चिखलात.

महिनाभर आधी ईमेल केलं होतं. उत्तर आलं:
पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखल्या आहेत.
होत्याही. रिबीन बांधलेल्या.

मग कलिन्याच्या त्या सभागृहात, आठशे माणसांसमोर,
वक्ते म्हणाले, 'लाइट्स प्लीज',
पडदा उजळला
आणि माझे हात गेले.

गेले म्हणजे होते. मीच हलवत होते.
भरतीची रेषा, क्षार, बीळ,
सगळं बरोबर, सगळं काळोखात.

भायखळ्याच्या आमच्या खोलीत वीज गेली
की आई-बाबांचं भांडण जिथल्या तिथे थांबायचं.
दोघंही बहिरे. काडी पेटली
की पुढचं वाक्य हमखास त्याच भांडणातलं.
कधी मात्र आई काडी ओढायचीच नाही.
बाबांचा तळवा ओढून घ्यायची,
त्यात काहीतरी बोलायची.
ते मला कधीच कळलं नाही.

यामिनीने मोबाइलचा टॉर्च माझ्या हातांवर धरला.
एक स्वयंसेवक वाकत वाकत आला, फार नम्र:
'मॅडम, मागच्यांना त्रास होतोय.'
हेही मी हातांनी सांगितलं. कामच आहे माझं.
ती म्हणाली, विचार त्याला,
मागच्यांना काय दिसत नाहीये?

प्रश्नोत्तरांना दिवे आले. तिने विचारलं,
'तुमच्या मोजणीत रात्र आहे का?
चिंबोरी बाहेर पडते ती अंधारात.'
वक्ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'छान प्रश्न विचारलात.'
मी मान तिच्याकडे वळवली.
ते माझ्याकडेच बघत राहिले.
मी आणखी वळवली.

संध्याकाळी पोर्चमध्ये दिवे लागायचे होते.
तोच मुलगा मला म्हणाला, 'या मॅडम उद्या येणार का?'
म्हटलं, त्यांनाच विचार.
तो जरा घुटमळला.
मग खिशातून मोबाइल काढून
स्वतःच्याच हातावर उजेड पाडला
आणि खूण केली, कुठे पाहिलेली कोण जाणे.
'उद्या' म्हणायचं होतं त्याला.
हात मागे गेला, झालं 'काल'.

तिला कळलं.