भाराभर चिंध्या

डिस्क भरली, असं यंत्र म्हणतं.
दोनशे चौदा खेळ.
त्यातले दीडशे तरी मी कधी उघडलेलेच नाहीत.
डिसेंबरातल्या सेलमध्ये घेतलेले,
ट्राम डेपोत लावून घरी आल्यावर, बोटं गारठलेली असताना:
तीन झ्लॉटी, पाच झ्लॉटी,
एक तर पाऊण झ्लॉटीला,
म्हणजे डेपोतल्या मशीनच्या कॉफीपेक्षा स्वस्त
आणि बहुधा तितकाच पाणचट.

आज रविवार. पोझ्नानमध्ये उणे अकरा.
वरच्या मजल्यावर ग्राबोव्स्काबाई कोबी चिरतायत,
त्यांची सुरी माझ्या छतावर चालते.
मी अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर आणून ठेवलंय,
कोंबडीच्या आकाराचं, चोच तुटलेलं.
प्रत्येकाला वीस मिनिटं.
कोंबडी वाजली की निकाल.

पहिल्यात राजवाडा, ड्रॅगन,
आणि तलवार कशी धरायची ते शिकवणारा एक म्हातारा
जो बोलायचा थांबेचना.
कोंबडी वाजली, तलवार म्यानातच.
गेला.

दुसरा अंतराळातला. बटणंच बटणं.
वीस मिनिटं मी यानातला दिवा शोधत होतो;
लागला, तर खिडकीबाहेर काहीच नाही.
काहीच नाही हे इतकं चांगलं काढलं होतं
की घालवताना हात जरा अडखळला.
गेला.

तिसरा सुरूच झाला नाही.
त्याच्यावर कोंबडी कशाला वाया घालवू?

झेनेकचा फोन आला. मेहुणा.
म्हणाला, नवी डिस्क घे की, ठेव सगळे,
जागा काय, आता मातीमोल झालीय.
झेनेकच्या तळघरात सात सायकली आहेत.
चालणारी एकही नाही.

त्यानंच दिलेला तो, दोनशे झ्लॉटीचा, बक्षिसं मिळवलेला.
त्यात एक बाप मरतो
आणि व्हायोलिन सुरू होतं, म्हणजे आता रडायचं.
मी रडलोही होतो. गेल्या वर्षी.
सुंदर आहे, नाही कुठं म्हणतोय?
पण त्या घरात मला पुन्हा जायचं नाही.
यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की?
दोनदा हो म्हटलं.
झेनेकला सांगणार नाही.

मग तो पाऊण झ्लॉटीवाला.
एक बेट, एक बस, तीन थांबे.
माणसं चौकोनी, झाडं पुठ्ठ्याची,
समुद्र कुणीतरी फरशीसारखा पुसून ठेवलेला.
दुसऱ्या थांब्यावर एक बाई चढते
आणि तिचा कुत्रा बाहेरच राहतो,
जमिनीपासून वीतभर वर,
हवेत चालत बसच्या बरोबरीनं येतो.
चूक आहे. दुरुस्त करायची राहून गेली,
किंवा त्याआधीच कंपनी बुडाली.
तिसऱ्या थांब्यावर उतरताना बाई म्हणते,
आभारी आहे, ड्रायव्हर.
प्रत्येक फेरीला. त्याच सुरात.

एकोणीस वर्षं मी सोळा नंबर चालवतोय.
माझ्या केबिनला जाड काच आहे.
कुणी काही म्हटलंच
तर ओठ हललेले दिसतात.

कोंबडी वाजली.
मी तिला पुन्हा वीसवर फिरवली.
मग पुन्हा.
वर कोबी कधी संपला कळलं नाही.

रात्री मोजले तर उरले सहा.
बस. बुद्धिबळ, कारण त्याला हरवायचं राहिलंय.
मासेमारीचा, ज्यात मासा लागत नाही आणि कुणी रागावत नाही.
आणखी दोन, लाजेखातर.
आणि एक, का ठेवला
ते उद्या विचारलंत तरी सांगता येणार नाही.
दोनशे आठ गेले, आणि यंत्राचा पंखा
तेवढाच आवाज करतोय.

गुरुवारी नवा सेल लागणार आहे, तसं पत्र आलंय.
मी ते काढून टाकलेलं नाही.

पहाटे पावणेचारला उठायचंय.
एकच फेरी, मग झोपतो.
दुसऱ्या थांब्यावर
तो उभा असेल, वीतभर हवेत,
शेपूट हलवत.