मधला थांबा

वडगावात आमचं घर अकरा फूट रुंद.
बाजूला जागा नव्हती म्हणून वर वाढत गेलं,
भावकीसारखं.
तळात आम्ही, मध्ये मोनाप्पा,
गच्ची दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही.

एकोणचाळीस पायऱ्या.
अनुसया मोजत नाही, तिचे गुडघे मोजतात.
गेल्या मार्चपासून ती वर गेली नाही.
"सांडगे काय, बाजारात मिळतात की," म्हणते
आणि न्हाणीच्या झरोक्यातून
ऊन किती कडक पडलंय ते बघत राहते.

ईरण्णा लिफ्टवाला आला, चार माहितीपत्रकं घेऊन.
तो मराठीत सुरू करतो, पैशावर आला की कन्नडात शिरतो.
मी कन्नडात घासाघीस करतो
आणि अनुसयेला मराठीत आकडा सांगतो,
थोडा कमी करून.

पहिली, काचेची नळी. हवा वरून ओढायची, माणूस वर.
खड्डा नको, खोली नको.
"फालूद्याचा स्ट्रॉ," अनुसया म्हणाली, "आणि मी त्यातला सब्जा."
ते पत्रक तिथंच मिटलं.

दुसरी दोराची. ती वर जाईल तेव्हा
भिंतीआड तिच्याएवढं लोखंड खाली येईल.
माथ्यावर जास्त उंची लागते, पाण्याची टाकी हलवावी लागेल.
टाकी सामाईक.
पुढं.

तिसरी मळसूत्राची.
आटे मला कळतात, आट्यांवर माझा विश्वासही आहे,
पण ती फार सावकाश आणि गुरगुरते.

चौथी तेलाची.
इथं मी चष्मा पुसला.
उद्यमबागेत चौतीस वर्षं पिस्टन रॉड ग्राइंड केले मी.
क्रोमवर नख फिरवून सांगायचो कुठं मार खाल्लाय.
त्या रॉडांनी टिपर उचलले,
उसाच्या ट्रॉल्या कलत्या केल्या,
कुठल्या कुठल्या खाणीत गेले.
माणूस उचलल्याचं कधी कानावर आलं नाही.
"करंट गेला तर?" अनुसयेनं विचारलं.
व्हॉल्व सोडायचा. तेल आपणहून खाली येतं, न धसता.
हे ईरण्णानं सांगायच्या आधी मी सांगितलं.

त्यानं फॉर्म काढला.
"येष्टु स्टॉप?"

किती थांबे.
नऊ वर्षं झाली मागाच्या शेडची वाटणी होऊन.
तेव्हापासून जिन्यात भेटलो तर
एकजण भिंतीकडे बघतो. पाळी ठरलेली नाही, तरी चुकत नाही.
स्लॅब कापायला मोनाप्पाची सही लागली.
सही आली. माणूस आला नाही.

"मध्ये भिंत बंद ठेवतो," ईरण्णा म्हणाला,
"एक दार वाचतं, लाखभर सुटतात. तळ, गच्ची. बस."

रॉडला मजले कळत नसतात,
त्याला फक्त लांबी कळते.
मी पेन हातात धरून तसाच.

आतून अनुसया म्हणाली,
"तिचं गुडघं माझ्याहून वाईट हाय."
कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.
"दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवून चढते ती.
रोज ऐकू येतंय की. तुम्हाला येत नाही काय?"

येतं.
दुपारी दीडला, आणि पिशवी असली तर मध्ये एकदा थांबून.

फॉर्मवर तीन लिहिलं.
बटणावर आकडे कुठले, कन्नड की मराठी, ईरण्णानं विचारलं.
नमुन्याच्या बटणावर बोट फिरवलं,
आकड्याखाली न दिसणाऱ्यांसाठी ठिपके होते.
म्हटलं, तू बसवशील ते बसव, ठिपके मात्र ठेव.

संध्याकाळी त्याची पोरं खडूनं चौकोन आखून गेली,
तळात, मधल्या वऱ्हांड्यात, गच्चीवर.

सकाळी दूध आणायला उतरलेल्या पोराला विचारायचं धाडस नव्हतं,
मीच जिन्यानं वर गेलो, टाकी बघायच्या निमित्तानं.
मोनाप्पाच्या दारातला चपलांचा रॅक
चौकोनाबाहेर सरकलेला होता.
खाली पुसलेलंही होतं,
खडूची रेघ तेवढी राखून.

सील दर तीन वर्षांनी बदलावं लागतं.
त्याला बाहेरचा माणूस बोलवायचा नाही.